शैक्षणिक व्यवस्थापन व नेतृत्व विषयातील अध्यापकांची अर्हता (महाराष्ट्र)

शैक्षणिक व्यवस्थापन व नेतृत्व विषयातील अध्यापकांची अर्हता म्हणजे विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत आणि संलग्न अध्यापक महाविद्यालयांत शैक्षणिक प्रशासन, व्यवस्थापन व नेतृत्व हा विषय शिकवणाऱ्या व्यक्तींसाठी ठरवलेली किमान शैक्षणिक पात्रता, अनुभव आणि परीक्षाविषयक अटी होत. भारतात या विषयासाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा नाही. हा विषय शिक्षणशास्त्र या विद्याशाखेचा भाग मानला जातो. त्यामुळे त्याच्या अध्यापकांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे सर्वसाधारण नियम लागू होतात आणि अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांपुरते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे निकषही लागू होतात. महाराष्ट्रात यांखेरीज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आणि राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे शासन निर्णय विचारात घ्यावे लागतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने तेथील नेमणुका याच चौकटीत होतात.

== विषयाचे स्वरूप ==

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत शैक्षणिक नेतृत्व या नावाचा स्वतंत्र विभाग असतो. महाराष्ट्रात हा विषय बहुधा शिक्षणशास्त्र विभागात एक विशेषीकरण म्हणून शिकवला जातो. एम.एड. आणि एम.ए. (शिक्षणशास्त्र) या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शैक्षणिक व्यवस्थापन, प्रशासन, नियोजन, शैक्षणिक अर्थशास्त्र व धोरण असे घटक असतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील (नेट) शिक्षणशास्त्र विषयाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. त्यांपैकी नववा घटक शैक्षणिक व्यवस्थापन, प्रशासन व नेतृत्व हा आहे. म्हणजे या विषयाच्या भावी अध्यापकाची परीक्षा संपूर्ण शिक्षणशास्त्रावर होते. नेतृत्व हा त्या परीक्षेचा सुमारे दहावा हिस्सा ठरतो.

या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी प्रामुख्याने कार्यरत शिक्षक, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षण विभागातील अधिकारी असतात. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) नियमावली, १९८१ नुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकास पदवी, अध्यापनशास्त्राची पदवी आणि पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापन अनुभव आवश्यक असतो. त्या अनुभवापैकी किमान दोन वर्षे अध्यापनशास्त्राच्या पदवीनंतरची असावी लागतात. व्यवस्थापनाची पदविका ही त्यासाठी सक्तीची अट नाही. ज्येष्ठतेने मुख्याध्यापक झालेल्या शिक्षकाला वेळापत्रक, अंदाजपत्रक, सेवापुस्तके आणि पालकसभा सांभाळण्याचे पद्धतशीर शिक्षण बहुधा पदग्रहणानंतरच मिळते. हे शिक्षण कोणी द्यावे आणि देणाऱ्याची पात्रता काय असावी, हा प्रश्न त्यामुळे शाळांच्या दैनंदिन कारभाराशी जोडलेला आहे.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाला जे. पी. नाईक यांच्या कार्याची पार्श्वभूमी आहे. ते कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यास हलवण्यात आली. राष्ट्रीय पातळीवर नवी दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था (नीपा) ही या विषयातील प्रमुख संस्था असून २००६ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. शालेय नेतृत्वासाठीचे राष्ट्रीय केंद्र याच संस्थेत आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका कार्यरत शिक्षकांत परिचित आहे.

== कायदेशीर चौकट ==

उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निर्धारण व समन्वय हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत (नोंद ६६) आहे. शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत आला. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २६ अन्वये अध्यापकांची किमान अर्हता ठरवणारे विनियम करण्याचा अधिकार आयोगाला आहे. दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राज सिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये १९९१ चे विनियम वैध ठरवले.

बी.एड., एम.एड. यांसारख्या अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि त्यांचे निकष ठरवणे हे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियम, १९९३ नुसार परिषदेकडे आहे. परिषद ऑगस्ट १९९५ मध्ये वैधानिक संस्था म्हणून अस्तित्वात आली. त्यामुळे एम.एड. शिकवणाऱ्या अध्यापकावर दोन नियामकांचे नियम एकाच वेळी लागू होतात. केवळ एम.ए. (शिक्षणशास्त्र) शिकवणाऱ्या अध्यापकावर मुख्यतः आयोगाचे नियम लागू होतात.

भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार आपले अध्यापक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र किमान अर्हतेची अट त्यांनाही पाळावी लागते. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्याच्या २००२ च्या निकालात हे तत्त्व मान्य झाले आहे. स्वायत्त दर्जा मिळालेल्या महाविद्यालयांना अभ्यासक्रम व परीक्षांचे स्वातंत्र्य मिळते, परंतु अध्यापकांच्या किमान अर्हतेतून सूट मिळत नाही.

== इतिहास ==

* १९८६ – मेहरोत्रा समितीने अधिव्याख्याता पदासाठी पात्रता परीक्षेची शिफारस केली.
* १९८९ – राष्ट्रीय पात्रता परीक्षेस प्रारंभ झाला.
* १९ सप्टेंबर १९९१ – आयोगाच्या विनियमांनी नेट अथवा तत्सम परीक्षा ही अट झाली.
* १९९५ – महाराष्ट्र व गोवा यांसाठी राज्य पात्रता परीक्षा (सेट) सुरू झाली. तिचे संयोजन पुणे विद्यापीठाकडे, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आहे.
* ४ एप्रिल २००० – नवे विनियम लागू झाले.
* १ जून २००२ – या दिनांकापूर्वीची सेट उत्तीर्ण व्यक्ती देशभर पात्र राहिली. त्यानंतर सेट उत्तीर्ण होणाऱ्यांची पात्रता संबंधित राज्यापुरती झाली.
* २००६ – एम.फिल. धारकांना पदवी स्तरावर शिकवण्यासाठी नेटमधून सूट मिळाली.
* ११ जुलै २००९ – ही सूट संपुष्टात आली. पीएच.डी.धारकांची सूट नव्या पीएच.डी. विनियमांशी जोडण्यात आली. पी. सुशीला विरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हा बदल वैध ठरवला.
* ३० जून २०१० – शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आली.
* १८ जुलै २०१८ – सध्याचे विनियम प्रसिद्ध झाले.
* ७ नोव्हेंबर २०२२ – नव्या पीएच.डी. विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद करण्यात आली.

२०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापक पदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची करण्यात आली होती. कोविड-१९ साथीमुळे ही मुदत १ जुलै २०२३ पर्यंत वाढवली गेली. त्या दिवसापासून लागू झालेल्या दुरुस्तीने सक्ती काढून नेट किंवा सेट हीच किमान अट ठेवली. महाविद्यालयांसाठी अशी सक्ती नव्हती.

== सध्याची किमान अर्हता ==

=== सहायक प्राध्यापक ===

संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (उन्नत गट वगळून) व दिव्यांग उमेदवारांना पदव्युत्तर गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. ज्यांनी १९ सप्टेंबर १९९१ पूर्वी पदव्युत्तर पदवी मिळवली आणि ज्यांच्याकडे पीएच.डी. आहे त्यांनाही ही सवलत मिळते. विनियमांनुसार पीएच.डी. मिळवलेल्यांना नेट-सेटमधून सूट आहे. ११ जुलै २००९ पूर्वी पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्यांना ही सूट पुढील अटींवर मिळते:

* पदवी नियमित पद्धतीने मिळालेली असणे;
* प्रबंधाचे किमान दोन बाह्य परीक्षकांकडून मूल्यमापन झालेले असणे;
* खुली मौखिक परीक्षा झालेली असणे;
* प्रबंधावर आधारित दोन शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असणे;
* परिषदांमध्ये दोन निबंध सादर केलेले असणे.

या अटी पूर्ण झाल्याचे विद्यापीठाच्या कुलसचिवांचे किंवा अधिष्ठात्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

नेट व सेट या दोन्ही परीक्षांत दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिली १०० गुणांची असून अध्यापन व संशोधन अभिवृत्तीवर असते. दुसरी २०० गुणांची असून विषयावर असते. खुल्या प्रवर्गासाठी एकत्रित ४० टक्के आणि आरक्षित प्रवर्गासाठी ३५ टक्के गुण आवश्यक असतात. परंतु तेवढे गुण पुरेसे नसतात. परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के उमेदवारच प्रवर्गनिहाय व विषयनिहाय गुणक्रमाने पात्र ठरवले जातात. सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी वयोमर्यादा नाही.

=== सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक ===

सहयोगी प्राध्यापकास पीएच.डी., ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, आठ वर्षांचा अध्यापन वा संशोधनाचा अनुभव, किमान सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण आवश्यक आहेत. प्राध्यापकास पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध, १२० संशोधन गुण आणि पीएच.डी. मार्गदर्शनाचा पुरावा लागतो.

=== प्राचार्य ===

महाविद्यालयाच्या प्राचार्यास पीएच.डी., पंधरा वर्षांचा एकूण अनुभव, दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण आवश्यक आहेत. हे पद पाच वर्षांच्या मुदतीचे असून मूल्यमापनानंतर आणखी एकदा मुदत मिळू शकते.

== अध्यापक शिक्षण परिषदेचे निकष ==

परिषदेच्या २०१४ च्या विनियमांमागे न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल (२०१२) आहे. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग नेमला होता. या विनियमांनी बी.एड. व एम.एड. हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले आणि अध्यापकसंख्येचे निकष बदलले.

बी.एड.साठी प्रत्येकी ५० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या असल्यास दोन वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी होतात. त्यांच्यासाठी १६ पूर्णवेळ अध्यापक असावेत, असा निकष आहे. त्यांत प्राचार्य एक, शिक्षणाच्या परिप्रेक्ष्य विषयांचे चार आणि अध्यापनशास्त्राच्या विषयांचे आठ असतात. आरोग्य व शारीरिक शिक्षण, दृश्यकला आणि प्रयोगकला यांसाठी प्रत्येकी एक अध्यापक असतो. शैक्षणिक व्यवस्थापनाचे घटक शिकवणे हे बहुधा परिप्रेक्ष्य गटातील अध्यापकाकडे येते. त्याला पुढीलपैकी एक अर्हता लागते:

* सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्ही ५५ टक्के गुणांसह, किंवा
* एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि बी.एड. अथवा बी.एल.एड., दोन्ही ५५ टक्के गुणांसह.

बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्यास पदव्युत्तर पदवी, एम.एड., शिक्षणशास्त्रातील किंवा अध्यापन विषयातील पीएच.डी. आणि अध्यापक शिक्षण संस्थेतील आठ वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. शैक्षणिक प्रशासन किंवा शैक्षणिक नेतृत्व यातील पदविका वा पदवी ही त्याच्यासाठी इष्ट अर्हता म्हणून नमूद आहे. म्हणजे ती असल्यास चांगले, परंतु नसल्यामुळे उमेदवार अपात्र ठरत नाही.

एम.एड.साठी वार्षिक ५० प्रवेशक्षमतेमागे दहा अध्यापक असावेत, असा निकष आहे. त्यांत दोन प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक आणि सहा सहायक प्राध्यापक असतात. येथे मूळ विद्याशाखेतील पदव्युत्तर पदवी आणि शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी अशा दोन पदव्या अपेक्षित आहेत. एखाद्या उमेदवाराकडे व्यवस्थापनशास्त्राची पदवी आणि उद्योगातील दीर्घ अनुभव असला, तरी शिक्षणशास्त्राच्या पदवीशिवाय तो या पदासाठी पात्र ठरत नाही.

=== एम.एड. व एम.ए. (शिक्षणशास्त्र) यांची समकक्षता ===

एम.एड. ही व्यावसायिक पदवी आहे आणि एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही ज्ञानशाखेची पदवी आहे, असा भेद करून काही राज्यांत एम.एड.धारकांना सहायक प्राध्यापक पदाच्या भरतीतून वगळले जात असे. आनंद यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२० रोजी एम.एड. ही पदव्युत्तर पदवी असून शिक्षणशास्त्राच्या सहायक प्राध्यापक पदासाठी ग्राह्य असल्याचे मान्य केले. नेट परीक्षेत दोन्ही पदवीधारक शिक्षणशास्त्र हाच विषय घेतात.

== उमेदवारांची छाननी व गुणांकन ==

२०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापक पदासाठी मुलाखतीस बोलावण्यापुरते गुणांकन केले जाते आणि अंतिम निवड मुलाखतीतून होते. विद्यापीठ विभाग आणि महाविद्यालये यांची गुणविभागणी वेगळी आहे. कमाल गुण पुढीलप्रमाणे आहेत:

* पदवी परीक्षा – विद्यापीठात १५, महाविद्यालयात २१
* पदव्युत्तर परीक्षा – दोन्हींकडे २५
* एम.फिल. व पीएच.डी. मिळून – विद्यापीठात ३०, महाविद्यालयात २५
* कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसह नेट – विद्यापीठात ७, महाविद्यालयात १०
* केवळ नेट – विद्यापीठात ५, महाविद्यालयात ८
* सेट – विद्यापीठात ३, महाविद्यालयात ५
* शोधनिबंध – विद्यापीठात १०, महाविद्यालयात ६
* अध्यापन अनुभव – दोन्हींकडे १०
* पुरस्कार – दोन्हींकडे ३

छात्रवृत्तीसह नेट, नेट आणि सेट यांपैकी एकाचेच गुण धरले जात असल्याने दोन्हींकडे बेरीज १०० होते. या विभागणीत विद्यापीठ विभागांचा कल संशोधनाकडे आणि महाविद्यालयांचा कल परीक्षांतील गुणांकडे दिसतो. शाळेचा मुख्याध्यापक किंवा शिक्षणाधिकारी म्हणून केलेल्या कामासाठी या तक्त्यात स्वतंत्र गुण नाहीत. शैक्षणिक नेतृत्व शिकवणाऱ्याने शाळा चालवलेली असावी की नाही, याविषयी नियम मौन बाळगतात.

== नेमणुकीची प्रक्रिया ==

अनुदानित महाविद्यालयात पद भरण्यासाठी प्रथम कार्यभाराची तपासणी होते. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असा आयोगाचा निकष आहे. त्यावरून पदसंख्या ठरते. त्यानंतर शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, अर्जांची छाननी आणि निवड समितीची मुलाखत असे टप्पे येतात. निवड समितीत कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले सदस्य व विषयतज्ज्ञ असतात. निवडीनंतर विद्यापीठाची मान्यता मिळाल्यावरच नेमणूक वैध मानली जाते. ठाणे जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयांची वेतनविषयक प्रकरणे उच्च शिक्षण विभागाच्या पनवेल येथील कोकण विभागीय सहसंचालक कार्यालयाकडे जातात.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये आहे. सहयोगी प्राध्यापकाचे १,३१,४०० रुपये आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपये आहे.

== अध्यापनाचे प्रशिक्षण ==

शाळेत शिकवण्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. सक्तीचे आहे. महाविद्यालयात मात्र अध्यापनाची पदवी सक्तीची नाही. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा पुरेशी मानली जाते. शिक्षणशास्त्र हा याला अपवाद आहे, कारण त्याच्या अध्यापकांकडे बी.एड. किंवा एम.एड. असते आणि बहुधा शाळेत शिकवण्याचा सरावही असतो.

इतर विषयांच्या अध्यापकांसाठी सेवांतर्गत प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. १९८७ पासून विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र असे झाले. सप्टेंबर २०२३ पासून ही केंद्रे मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. नव्या अध्यापकाला येथे प्रवेश प्रशिक्षण घ्यावे लागते आणि पुढील पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग पूर्ण करावे लागतात.

== ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर ==

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. या शहरांत उच्च शिक्षणाची वाढ मुख्यतः खासगी शिक्षण संस्थांनी केली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये बा. ना. बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि जोशी-बेडेकर कला व वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे आहे. डोंबिवलीत के. व्ही. पेंढरकर, मॉडेल आणि प्रगती ही महाविद्यालये आहेत. शेजारच्या उल्हासनगरात सेवासदन संस्थेचे अध्यापक महाविद्यालय आहे.

मुंबई विद्यापीठाची दोन उपकेंद्रे या पट्ट्यात आहेत. ठाण्याचे बाळकुम येथील उपकेंद्र विधी व व्यवस्थापन या शाखांसाठी सुरू झाले. कल्याणच्या उपकेंद्राचा भर अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानांवर आहे. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग मात्र सांताक्रूझ पूर्वेकडील कलिना संकुलात आहे. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतील कार्यरत शिक्षकाला या विभागात पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएच.डी. करायची असल्यास शाळेची वेळ सांभाळून मध्य रेल्वेने कुर्ला अथवा दादरमार्गे कलिना गाठावे लागते. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आणि विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण हे पर्याय यामुळे या भागात महत्त्वाचे ठरतात.

पीएच.डी.च्या जागा मार्गदर्शकांच्या संख्येने मर्यादित असतात. २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापक एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतो. सहायक प्राध्यापकास मार्गदर्शक होण्यासाठी स्वतःची पीएच.डी., पाच वर्षांचा अनुभव आणि तीन शोधनिबंध लागतात. एखाद्या विभागातील प्राध्यापकाचे पद निवृत्तीनंतर रिक्त राहिल्यास त्याबरोबर मार्गदर्शनाच्या आठ जागाही कमी होतात. पदभरतीतील विलंब अशा रीतीने पुढील पिढीच्या पात्रतेवर परिणाम करतो.

== नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न ==

१९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात महाराष्ट्रात अनेक अध्यापकांची नेमणूक नेट-सेट नसताना झाली. त्या काळात परीक्षा उत्तीर्ण उमेदवारांची संख्या अपुरी होती आणि राज्याची सेट परीक्षा १९९५ पर्यंत अस्तित्वात नव्हती. या अध्यापकांची सेवा चालू राहिली, पण वेतनवाढीचे टप्पे, पदोन्नती आणि निवृत्तिवेतन यांसाठी तिचा कोणता कालावधी धरायचा, हा वाद निर्माण झाला.

२०१३ मध्ये महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने (एमफुक्टो) या व अन्य मागण्यांसाठी परीक्षाविषयक कामावर दीर्घ बहिष्कार टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो मे २०१३ मध्ये मागे घेण्यात आला. शासनाने २७ जून २०१३ च्या निर्णयाने या अध्यापकांच्या सेवा नियमित मानून त्या दिनांकापासून लाभ देण्याचे ठरवले. मूळ नेमणुकीच्या दिनांकापासून लाभ मिळावेत, ही संघटनांची मागणी होती. नेमणुकीचा दिवस आणि २०१३ यांमध्ये काही अध्यापकांच्या बाबतीत दोन दशकांचे अंतर असल्याने हा मुद्दा त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने निर्णायक होता.

== तासिका तत्त्वावरील अध्यापक ==

मंजूर पदे रिक्त असताना महाविद्यालये तासिका तत्त्वावर, म्हणजे प्रत्येक तासामागे मानधन देऊन, अध्यापक नेमतात. विनाअनुदानित अभ्यासक्रमांत एकत्रित वेतनावरील नेमणुका असतात. किमान अर्हता दोन्हींसाठी तीच आहे. नेट-सेट व पीएच.डी. असलेले अनेक उमेदवार वर्षानुवर्षे अशा नेमणुकांवर काम करतात आणि सुट्ट्यांच्या काळात त्यांना मानधन मिळत नाही. तासिका तत्त्वावरील अनुभव कायम पदाच्या निवडीत गृहीत धरण्यासाठी नेमणूक रीतसर निवड प्रक्रियेने झालेली असणे, ती व्यक्ती अर्हताधारक असणे आणि वेतन विहित प्रमाणात असणे अशा अटी आहेत. या अटींमुळे प्रत्यक्ष शिकवलेली सर्व वर्षे अनुभवात मोजली जातातच असे नाही.

== इतर देशांतील पद्धती ==

अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा नाही. शैक्षणिक नेतृत्व विभागातील अध्यापकाकडे सामान्यतः पीएच.डी. किंवा एड.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट असते आणि विभाग बहुधा शाळा वा जिल्हा प्रशासनातील अनुभवाला महत्त्व देतात. एड.डी. ही पदवी हार्वर्ड विद्यापीठाने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू केली. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांसाठीची राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता १९९७ मध्ये आली. ती काही काळ सक्तीची होती आणि २०१२ मध्ये ऐच्छिक झाली. भारतात भर उलट ठिकाणी आहे. येथे विद्यापीठीय अध्यापकाची अर्हता तपशिलाने ठरवलेली आहे, तर शाळाप्रमुखासाठी नेतृत्वाचे पूर्वप्रशिक्षण सक्तीचे नाही.

== अलीकडील बदल ==

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी आणि एकल अध्यापक महाविद्यालयांचे रूपांतर बहुविद्याशाखीय संस्थांत व्हावे, असे उद्दिष्ट आहे. ते अमलात आल्यास शिक्षणशास्त्राच्या अध्यापकांची मागणी स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयांकडून कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांकडे वळेल.

आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला औपचारिक अर्हतेशिवाय मुदतीवर नेमण्याची ही तरतूद आहे. अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत आणि एकूण सेवा चार वर्षांपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा आहे. अनुभवी मुख्याध्यापक व शिक्षणाधिकारी यांना विद्यापीठात शिकवण्यासाठी बोलावण्याचा हा एक मार्ग होऊ शकतो. मात्र अध्यापन व्यवसायात असलेल्या वा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तींना ही तरतूद लागू नाही. त्यामुळे शिक्षणक्षेत्रातील व्यक्तींच्या बाबतीत तिचा उपयोग मर्यादित राहतो.

१८ जून २०२४ रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि नंतर पुन्हा घेण्यात आली. त्या वर्षापासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरले जातात. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. पदवी व पदव्युत्तर विषयाहून वेगळ्या विषयात नेट किंवा पीएच.डी. केलेल्या उमेदवाराला त्या वेगळ्या विषयाचा अध्यापक होण्याची मुभा त्यात प्रस्तावित होती. शिक्षणशास्त्र हा मुळातच अन्य विषयांच्या पदवीधरांनी पुढे स्वीकारलेला विषय असल्याने या प्रस्तावाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

== हेही पहा ==

* विद्यापीठ अनुदान आयोग
* राष्ट्रीय पात्रता परीक्षा
* महाराष्ट्र राज्य पात्रता परीक्षा
* राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद
* मुंबई विद्यापीठ
* जे. पी. नाईक